डोक्याचं तेवढं नवं घे

“बाकी सगळं जुनं चालेल. डोक्याचं तेवढं नवं घे.”

दुकानदार वॉल्टरआजोबांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात माझ्या लेकीचा, जुईचा, बर्फावरचा स्केट होता. धार लावायचं चाक नुकतंच थांबलं होतं. त्यांनी पात्यावर एक नाणं आडवं ठेवलं, ते एका बाजूला कलत तर नाही ना हे डोळा बारीक करून पाहिलं, आणि माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाले, “देणारी तुझी सख्खी बहीण असली तरी.”

ते अर्थातच इंग्रजीत बोलत होते. मी आठवतंय तसं मराठीत सांगते आहे.

मी हसले. कापडवाला ‘आटणार नाही’ म्हणतो, सोनार ‘घडणावळ लावलीच नाही’ म्हणतो, तसा हेल्मेट विकणारा ‘नवं घे’ म्हणणारच. एवढी अक्कल मी मिरजेहून येतानाच बरोबर आणली होती.

त्यांनी काउंटरवरचं हेल्मेट उचललं. काळं, तोंडावर जाळी असलेलं. आतून अंगठा फिरवत फिरवत ते मागच्या बाजूला आले आणि एका जागी थांबून तिथेच दोनतीनदा दाबलं. इथला फोम बसलाय, म्हणाले. मग बाहेरून बघायला हेल्मेट फिरवलं. नेमक्या त्याच जागी बाहेरून तळहाताएवढा गणपतीचा स्टिकर होता.

“हा काढून बघू का?”

“नको,” मी म्हटलं. “तो आमचा देव आहे.”

चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला. माफी मागितली. त्यांचे आजीआजोबा युक्रेनमधून आलेले. दुकानात गल्ल्याच्या वर मेरीची एक जुनी तसबीर होती आणि तिच्याखाली बारीकसा दिवा कायम असे. देवाला कुठे हात लावायचा नाही हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. हेल्मेट त्यांनी दोन्ही हातांनी परत दिलं.

“देव राहू दे,” म्हणाले. “पण देवाच्या मागे काय आहे ते एकदा तूच बघ.”

मी हो म्हटलं आणि हेल्मेट पिशवीत टाकलं. जुईने धार लावलेले स्केट छातीशी धरले आणि आम्ही घरी आलो. घरी येऊन मी बघितलं नाही.

ही सहा वर्षांपूर्वीची ऑक्टोबरातली गोष्ट. जुई तेव्हा आठ वर्षांची होती आणि आम्ही कॅनडात सास्काटूनला राहत होतो. सगळीकडे सपाट माळ, आणि थंडीत उणे तीसच्या खाली गेलेला पारा. तिथे आपल्याकडे पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात तशी बर्फावर हॉकी खेळतात. तिथे हॉकी म्हटलं की बर्फावरचीच, दुसरी कुणाला माहीत नसते. मला बर्फ ठाऊक होता तो गोळेवाल्याच्या किसणीवरचा. जुईने वर्गातल्या मुलींचं बघून हट्ट धरला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आलं ते तिचं डोकं आणि खालचा दगडासारखा बर्फ. माझा नवरा कौस्तुभ पोटॅशच्या खाणीत इंजिनियर होता. दोन आठवडे खाणीवर, एक आठवडा घरी. तो फोनवर म्हणाला, “नीलाताईला विचार. त्यांची सानिका खेळतेच आहे की.”

आमच्या घरातली सगळी वाक्यं तेव्हा इथेच येऊन संपायची. नीलाताईला विचार.

नीलांबरी देवस्थळी. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी पोटुशी असताना त्या गावात गेले, तेव्हा आमच्या महाराष्ट्र मंडळात उणीपुरी वीस घरं होती आणि त्यातलं तिचं घर हे माझं माहेर झालं. पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, मला अहोजाहो केलंस तर चहा मिळणार नाही. जुई झाली तेव्हा दवाखान्यात माझी आई नव्हती, ती होती. सानिकाच्या अंगावरचं मऊ झबलं घेऊन आली. बाळाला पहिलं झबलं धडधाकट मुलाच्या अंगावरचं घालावं, म्हणजे बाळही तसंच निघतं, असं म्हणत तिने ते स्वतःच्या हाताने जुईला घातलं. त्यानंतर आठ वर्षं सानिकाचं सगळं जुईला आलं. स्वेटर, बर्फातले बूट, सायकल, पाढ्यांचं पुस्तक. सानिका जुईहून सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे प्रत्येक वस्तू धुऊन, घडी घालून, थोडी वाट बघून आमच्याकडे येत असे.

हॉकीचं सामान घ्यायलाही तीच बरोबर आली, सानिकाला घेऊन. वॉल्टरआजोबांच्या दुकानात मी पहिलंच वाक्य चुकीचं बोलले. म्हटलं, वाढतं अंग आहे, स्केट दोन नंबर मोठे द्या. आजोबांनी नीलाताईकडे पाहिलं, नीलाताईने आजोबांकडे, आणि दोघं खदखदून हसली. आजोबा म्हणाले, तुमच्या गावाहून येणारी प्रत्येक आई हेच म्हणते. ही पण म्हणाली होती.

मग त्यांनी जुईला बाकावर बसवून टाच जमिनीवर आपटायला लावली, पाय मागे सरकवायला. अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे. पाय पुढे ढकलला तर टाचेमागे एक बोट जावं, दोन गेली तर स्केट मोठा. मोठ्या स्केटमध्ये घोटा वळतो, मूल वाढेल तेव्हा वाढेल पण पडेल आज. जुई हलकी, म्हणून पात्याच्या मधला चर जरा खोल ठेवायचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या धारा बर्फाला धरून राहतात. मी हे सगळं वहीत लिहून घेत होते. एम.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजीची जर्नलं लिहिली तशी, आकृतीसकट.

बाकी सामान सानिकाचं जुनं होतं. नडगीचे पॅड, कोपराचे, खांद्याचे, गळ्याभोवतीचा पट्टा. ते जुईच्या अंगावर चढवून मी दोन पॅडांच्या मधे जिथे जिथे अंग उघडं दिसेल तिथे बोट घालून बघत होते. गुडघ्याच्या वर इतकं उघडं, मनगटापाशी इतकं. सानिका हे बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, “काकू, तुम्ही हिला गादीत गुंडाळूनच पाठवा ना.”

चौदा वर्षांची, लांब हातापायांची, कमी बोलणारी मुलगी. सगळ्या प्रांतात तिच्या खेळाची चर्चा होती. त्या दिवशी तिने जुईसमोर मांडी घालून तिला स्केटची नाडी बांधायला शिकवलं. खालून घट्ट, मधे सैल, घोट्याशी पुन्हा घट्ट, आणि वर दुहेरी गाठ. डोळे मिटूनही बांधता आली पाहिजे, म्हणाली आणि डोळे मिटून बांधून दाखवली.

हेल्मेट तेवढं राहिलं होतं. ते दसऱ्याला देते, नीलाताई म्हणाली.

खंडेनवमीची पूजा ती दसऱ्याच्या दिवशीच उरकत असे, सगळ्यांना सुट्टी असेल त्या बेताने. पाटावर तिचं शिवणयंत्राचं मुंडकं, तिच्या नवऱ्याचा, श्रीरंगभाऊजींचा, मातीचे नमुने तपासायचा सूक्ष्मदर्शक, सानिकाची हॉकी स्टिक, तिचे स्केट, पात्यांना हळदकुंकू. झेंडू मिळत नसे म्हणून शेवंती. आपटा कुठला असणार, पण ऑक्टोबरात तिथे बर्चची पानं पिवळीधमक होतात. तीच सोनं म्हणून वाटायची. भाऊजींना हॉकी मुळीच पसंत नव्हती. आरती झाल्यावर ते दर वर्षी म्हणत, बॅडमिंटनच्या रॅकेटला कुंकू लावलं असतं तर मी जास्त मनापासून टाळ्या वाजवल्या असत्या.

त्या वर्षी पाटावर सानिकाचं जुनं हेल्मेटही होतं. पुसून लख्ख केलेलं, आणि मागे गणपतीचा नवा कोरा स्टिकर. पूजा झाल्यावर नीलाताईने ते दोन्ही हातांनी उचलून जुईच्या डोक्यावर ठेवलं, मागचा खटका आत ओढला आणि मान हलवायला सांगितलं. हेल्मेट तसूभर हललं नाही. भुवईच्या वर बरोबर एक बोट जागा.

मी काळजी करणारी बाई. मी विचारलंच. “सानिका कधी डोक्यावर पडली नव्हती ना यात?”

नीलाताईचा हात पाटावर होता, अक्षतांवर. ती म्हणाली, “पूजेसमोर बसून सांगते, कधीच नाही. लहान झालं गं तिला, म्हणून.”

सानिका खिडकीकडे पाठ करून बसली होती. बाहेर बर्फ पडायचा होता अजून, पण ऊन फार लख्ख होतं, आणि तिने दोनदा उठून पडदा ओढला. भाऊजींनी उघडला, तिने पुन्हा ओढला. मला वाटलं, वयच तसं आहे. जुईला सोनं द्यायला ती उठली तेव्हा तिने पानं जुईच्या हातात ठेवली, मग हेल्मेटच्या जाळीला दोन बोटांनी धरून जुईचं तोंड जवळ ओढलं आणि म्हणाली, “मागे पडू नकोस. पडलीस तर पुढे पड.”

आम्ही सगळे हसलो.

पुढच्या शनिवारी धार लावायला गेले, तेव्हा वॉल्टरआजोबांनी मला ते सांगितलं. एकीकडे दुकानदार, दुसरीकडे माझ्या लेकीला पहिलं झबलं घालणारी बाई. आणि पूजेत बसलेली वस्तू. देवाचं चित्र नखाने उकलून काढायचं कसं? आमच्या घरी कॅलेंडरवरचा देवसुद्धा वर्ष संपलं म्हणून टाकत नाहीत, नदीत सोडतात.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी सामना होता. आठनऊ वर्षांच्या मुली, धक्काबुक्कीला बंदी, अर्ध्याअधिक नुसत्याच घसरत होत्या. मी कठड्याच्या काचेला नाक लावून उभी. नीलाताई दोन पायऱ्या वर थर्मास घेऊन, सानिका तिच्या शेजारी टोपी डोळ्यांवर ओढून. जुई कडेने येत होती. दुसऱ्या एका मुलीचं पातं तिच्या पात्यात अडकलं. दोघींचे पाय वर गेले. ती मुलगी कुशीवर पडली. जुई मागे पडली.

कठड्याच्या फळीवर डोकं आपटल्याचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. त्याच्याबरोबर दुसरा एक आवाज आला, कवडी फुटावी तसा.

मी बर्फावर कशी पोचले ते आठवत नाही. चपटे बूट घालून गेले, दोनदा पडले. जुई तोवर उठून बसली होती, डोळे उघडे होते, पण मला बघून तिने विचारलं, “आपण कुठे चाललोय?” प्रथमोपचाराच्या बाईने हनुवटीचा पट्टा सोडून हेल्मेट काढलं आणि बाजूला बर्फावर ठेवलं. मी जुईचा चेहरा हातात धरला होता. पण मुलाची काळजी करणाऱ्या बाईचे डोळे एका जागी राहत नाहीत. मला दिसलं, नीलाताईही धावत आली होती, वाकली होती. ती जुईकडे वाकली नव्हती. तिने बर्फावरचं हेल्मेट उचललं, आपल्या मोठ्या पिशवीत घातलं, पिशवीची साखळी लावली, आणि मग जुईजवळ आली.

दवाखान्यात मेंदूला हलका मार म्हणाले. चार तास ठेवून घेतलं. पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत राहायचं, टीव्ही नाही, वाचन नाही, हॉकी तर महिनाभर नाही. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हेल्मेट फुटलं का? बघायला मिळेल का? इतक्या उंचीवरून पडून एवढं लागायला नको होतं, म्हणाल्या.

मी नीलाताईकडे वळले. ती म्हणाली, “टाकलं मी ते तिथेच कचऱ्यात. असली अपशकुनी वस्तू घरात कशाला.”

मी मान हलवली. रात्रभर नाही, पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य माझ्या कानात फिरत राहिलं. श्रीखंडाचा रिकामा डबा न टाकणारी बाई. स्वेटर उसवून त्याची लोकर गुंडाळून ठेवणारी. आणि त्यावर गणपती होता. गणपती तिने कचऱ्यात टाकला?

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. कौस्तुभ खाणीवरून संध्याकाळी पोचणार होता. जुई आतल्या खोलीत, पडदे ओढून. दारात सानिका. शाळेच्या वेळेत. टोपीवर, पापण्यांवर बर्फ, हातात किराणा दुकानाची पिशवी. एवढ्या थंडीत ती पंचवीस मिनिटं चालत आली होती.

पिशवीत हेल्मेट होतं. टेबलावर ठेवून तिने त्याची मागची बाजू माझ्याकडे फिरवली. गणपतीचा स्टिकर मधोमध फाटला होता. सोंडेपासून खाली. तिने हातमोजा काढून नखाने एक बाजू धरली आणि वर उचलली.

स्टिकरच्या खाली दोन चिरा होत्या. एक ताजी, पांढरट कडांची. दुसरी जुनी, तिच्यात पारदर्शक गोंद भरला होता आणि गोंद पिवळा पडला होता. ताजी चीर जुनीच्या पोटातूनच निघाली होती.

“आईने गाडीच्या डिकीत ठेवलं होतं,” सानिका म्हणाली. “गुरुवारी कचऱ्याची गाडी येते. म्हणून आज आणलं.”

“ही जुनी कधीची?”

“फेब्रुवारीची. मी पडले होते. सरावाला, फक्त आईच होती बघायला.” ती थांबली. “मला नंतरचं आठवत नाही. आई सांगते, एक मिनिटच. मग गाडीत उलटी झाली.”

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले.

“गेलोच नाही. डॉक्टर लिहितात ना कागदावर. मग खेळू देत नाहीत. तेव्हा प्रांताची निवड होती, आता जानेवारीत हॉकीच्या शाळेची आहे. बाबांना कळलं तर ते कायमचं बंद करतील.” तिने स्टिकर पुन्हा खाली दाबून बसवला, अगदी हळू. “मी आईला म्हटलं होतं, जुईला नको देऊ. पूजा झाल्यावर म्हटलं. ती म्हणाली, लहान मुली कुठे आपटतात एवढ्या.”

मी हेल्मेट माझ्याकडे ओढून घेतलं.

“काकू, माझं अजून दुखतं. डोकं. उजेडात जास्त,” ती म्हणाली. “पण बाबांना सांगू नका. निवड होईपर्यंत तरी.”

मी म्हटलं, “तू घरी जा आता.”

ती दारात बसून बूट घालू लागली. मी टेबलाशीच उभी होते, हेल्मेटकडे बघत.

संध्याकाळी नीलाताई आली. हातात डबा. जुईसाठी मऊ भात आणि मेतकूट. दार उघडल्या उघडल्या तिला टेबलावरचं हेल्मेट दिसलं, आणि तिने डबा खाली न ठेवता विचारलं, “सानिका आली होती?”

“पूजेसमोर बसून सांगितलंत तुम्ही,” मी म्हटलं.

आठ वर्षांत पहिल्यांदा मी तिला तुम्ही म्हटलं. तिलाही ते लागलं; ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मग बोलू लागली. चांगला गोंद आणून भरलं होतं. वरून देव लावला होता तो काही लपवायला नाही, मनापासून, राखावं म्हणून. टाकायचंच होतं, पण टाकायचं कसं? श्रीरंगने विचारलं असतं, चांगलं हेल्मेट का टाकलं. तो माळ्यावरची सुतळीसुद्धा मोजतो. माझ्या घरात कुठलीच वस्तू गुपचूप नाहीशी होत नाही गं.

“मग घरात ठेवायचं.”

“घरात ठेवलं असतं तर सानिकाने एखाद दिवशी घातलं असतं.”

हे तिच्या तोंडून निघून गेलं.

“म्हणून जुईच्या डोक्यावर,” मी म्हटलं.

“पुढच्या वर्षी तिला नवंच घेतलं असतं, शलाका. एक वर्षाचा तर प्रश्न होता.”

आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं. मी उठून ते लावून घेतलं. परत आले तेव्हा नीलाताई डोळे पुसत होती. म्हणाली, तुझी पोर पंधरा दिवसांत उड्या मारायला लागेल, माझ्या पोरीला ही संधी पुन्हा येणार नाही. तू कुणाला सांगणार नाहीस ना? एवढं कर. मी तुझ्यासाठी काय काय केलंय ते मी मोजत नाही, पण एवढं कर.

मी म्हटलं, “निघा तुम्ही.”

डबा टेबलावर राहिला. कौस्तुभ आला, त्याने सगळं ऐकलं, तो तडक त्यांच्याकडे जायला निघाला होता, मीच अडवलं. म्हटलं, आता त्या घराशी बोलायचंच नाही. दुसऱ्या दिवशी भात फेकून डबा घासला. डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी, हे आपल्याकडे पोरीबाळींनाही माहीत असतं. मी तो रिकामा नेला. दार श्रीरंगभाऊजींनी उघडलं. डबा दिला आणि परत फिरले.

मंडळात मी पुन्हा गेले नाही. तीन महिन्यांनी कौस्तुभला ओंटारियोत नोकरी मिळाली. निघताना गावात फक्त वॉल्टरआजोबांचा निरोप घेतला. त्यांना फुटलेलं हेल्मेट दाखवलं. त्यांनी आतून अंगठा फिरवला, त्याच जागी थांबले, आणि म्हणाले, “ज्या मुलीचं होतं ती कशी आहे?”

मी म्हटलं, “मला काय माहीत.”

जुई पूर्ण बरी झाली. दोन वर्षांनी तिने पुन्हा हट्ट धरला, आणि मी नाही म्हणू शकले नाही. तिचं डोक्याचं तेवढं मी दर दोन वर्षांनी नवं घेते.

या सप्टेंबरात तेच घ्यायला गेलो होतो. जुई आता चौदा वर्षांची आहे. मोठ्या दुकानात, फडताळावरून एकेक हेल्मेट काढून ती आतून अंगठा फिरवत होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं; आठव्या वर्षी बघितलं होतं तेवढंच. मी तिच्याकडे बघत उभी होते, लांब हात, लांब पाय. तिने अचानक विचारलं, “आई, सानिकाताईचं डोकं दुखायचं थांबलं का गं पुढे?”

मी म्हटलं, “तुला काय माहीत ते?”

“मी जागी होते ना. दार उघडं होतं.” ती पुढचं हेल्मेट काढायला वळली. “तू तिच्या बाबांना सांगितलंस ना?”

मी किमतीची चिठ्ठी वाचायला लागले. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मग हेल्मेट परत फडताळावर ठेवलं.

मी रिकामा डबा घेऊन गेले, तेव्हा श्रीरंगभाऊजी दारात बराच वेळ उभे होते. त्यांनी जुईची चौकशी केली. मग आपणहून म्हणाले, आमची सानिका हल्ली फार झोपते हो, शाळेतून आली की अंधार करून पडते. अभ्यासाचा ताण असेल, नाही? आणि माझ्याकडे बघत राहिले. एक वाक्य सांगायचं होतं. मी म्हटलं, “असेल. डबा द्यायचा होता.” जिना उतरताना माझ्या मनात काय होतं ते मला स्वच्छ आठवतं. तुमच्या घरातलं तुम्ही बघा.

आणि त्याच्या आदल्या दिवशी दुपारी, माझ्या दारात बसून ती मुलगी बुटाची नाडी बांधत होती. मी बघितलं होतं. एक वेढा घातला, थांबली. सोडला, पुन्हा घातला. तिसऱ्यांदा तिने दोन्ही टोकं बुटात खुपसली आणि तशीच निघून गेली. डोळे मिटून गाठ बांधणारी मुलगी.

दुकानात जुईने विचारलं, त्या दिवसापासून मी सानिकाला शोधते आहे. नीलाताईचा फोन बंद आहे. भाऊजींना विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहिलेली मेल परत आली. मंडळातली जुनी माणसं म्हणतात, ते घर विकून गेले, कुणी कॅलगरी म्हणतं, कुणी पुणे. हॉकीच्या कुठल्याही यादीत तिचं नाव मला सापडलेलं नाही.

म्हणून मी यात नावं बदलली नाहीत. सानिका श्रीरंग देवस्थळी. आता वीस वर्षांची असेल. उंच, डाव्या भुवईत तीळ, कमी बोलते. तुमच्या शेजारी, तुमच्या कॉलेजात, तुमच्या मंडळात ती असली तर एकदा तिच्या घरी जाऊन या. पडदे उघडे आहेत का ते बघा. निघताना तिला तुमच्यासमोर बुटाची नाडी बांधू द्या, आणि घाई करू नका. आणि तिचे बाबा घरात असतील तर त्यांना बाजूला घेऊन सांगा, फेब्रुवारीत ती पडली होती.